जोगत्याचा चुडा आणि गावाचे मौन

कृष्णा, पंचगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी आणि घटप्रभा या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेला मुलूख, म्हणजे स्थूलमानाने कोल्हापूर व सांगली हे जिल्हे, सोलापूरचा सीमेलगतचा भाग आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तत्कालीन म्हैसूर राज्यात गेलेला बेळगाव-निपाणीचा पट्टा, हा तालमी, सत्यशोधक चळवळ आणि सहकारी साखर कारखाने यांच्यासाठी प्रसिद्ध असला, तरी लग्न, वंश आणि घरातील मानपान यांच्या बाबतीत तो जुन्या वळणाचाच राहिला. पुरुषाचे मन पुरुषावर जडते, ही गोष्ट या मुलखाला माहीत नव्हती असे नाही. तिची नोंद मात्र त्याने कीर्तनात, फडात, देवीच्या जत्रेत किंवा शिवीत केली, आणि स्वतंत्रपणे तिच्याविषयी बोलण्याचे टाळले. त्यामुळे या भागातील समलिंगी माणसांकडे पाहण्याच्या दृष्टीचा इतिहास लिहिताना कायद्याची कलमे कमी उपयोगी पडतात आणि देवीच्या परड्या, तमाशातील सोंगे व सोयरिकीच्या बोलण्या अधिक उपयोगी पडतात.

पहिली अडचण शब्दांची आहे. ‘समलिंगी’ हा छापील मराठीतला शब्द आहे. तो डॉक्टरी पुस्तकांतून आणि मासिकांतून आला आणि खेड्यात तो आजही वर्तमानपत्री वाटतो, तर ‘गे’ हा शब्द मोबाइलबरोबर पोहोचला. गावच्या बोलीत होते ते शब्द निराळे : ‘बायल्या’, म्हणजे ज्याचे चालणे-बोलणे बाईसारखे आहे असा पुरुष, ‘हिजडा’ आणि पुढे हिंदीच्या वाटेने आलेला ‘छक्का’, आणि थट्टेत वापरला जाणारा ‘मावशी’. हे सगळे शब्द दिसण्याचे आहेत, मनाच्या ओढीचे नाहीत, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. जो गडी नांगर धरतो, मिशीला पीळ देतो, बैलगाडीच्या शर्यतीत उतरतो आणि तरीही ज्याचा जीव दुसऱ्या गड्यात गुंतलेला आहे, त्याच्यासाठी बोलीने शब्दच घडवला नव्हता. अशा माणसाला संशयापासून आपोआप आडोसा मिळाला हे खरे. परंतु स्वतःला स्वतःचे काही सांगायचे झाले, तर शिवीखेरीज एकही शब्द त्याच्या हाताशी नव्हता. बायकांच्या बाबतीत तर एवढाही पुरावा उरलेला नाही, कारण दोन मैत्रिणींमधील जवळिकीची दखल शिवी म्हणूनही कोणी घेतली नाही.

ज्याचे वागणे लपण्यासारखे नव्हते, त्याच्यासाठी या मुलखाने एक जागा राखून ठेवली होती, आणि ती होती यल्लम्माच्या पदराखाली. बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीच्या डोंगरावरील ही देवी पुराणातील रेणुका मानली जाते. तिची ठाणी जतला, कोकटनूरला आणि खुद्द कोल्हापुरात ओढ्यावरही आहेत. देवीला वाहिलेल्या स्त्रीला ‘जोगतीण’ आणि पुरुषाला ‘जोगत्या’ म्हणतात, कन्नड मुलखात त्यालाच ‘जोगप्पा’ असे नाव आहे. सगळेच जोगते स्त्रीवेष घेत नाहीत. पण जे घेतात ते लुगडे नेसतात, हातात काकणे भरतात, केस वाढवतात, कपाळावर भंडारा, म्हणजे हळदीची पूड, माखतात आणि मंगळवारी व शुक्रवारी पाच घरी जोगवा मागतात, म्हणजे देवीच्या नावाने भिक्षा गोळा करतात.

या प्रथेच्या पाठीशी असलेली कथा वाचकांच्या परिचयाची असली, तरी तिच्यातील एक दुय्यम धागा येथे महत्त्वाचा आहे. महाभारताच्या वनपर्वात जमदग्नी आपल्या मुलांना आईचा शिरच्छेद करण्याची आज्ञा देतो, चार मुले ती पाळत नाहीत आणि बापाच्या शापाने जड, पशुपक्ष्यांसारखी होतात. परशुराम मात्र आज्ञा पाळतो आणि मग वर मागून आईला व भावांना पूर्ववत करून घेतो. यल्लम्माच्या भक्तांमध्ये सांगितल्या जाणाऱ्या लोककथेत या शापाचे रूप बदलले : मुले जड होत नाहीत, तर त्यांचे पुरुषत्व जाते आणि ती आईच्या सेवेला लागतात. ग्रंथातील जडत्वाच्या जागी लोकांनी नपुंसकत्व आणले ते सहज घडले असेल असे वाटत नाही, कारण समोर दिसणाऱ्या माणसांना कथेत बसवण्याची गरज त्यामागे दिसते. आणि ज्यांच्याशी जोगत्याने आपले नाते जोडले, ती मुले म्हणजे आईवर हात उचलायला नकार देणारी मुले होत. परशुरामाचा पराक्रम गाणाऱ्या देशात त्या चार भावांचा वारसा सांगणारा एक समाज तयार व्हावा, याकडे अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही.

जोगत्या होण्याची प्रक्रियाही बोलकी आहे. मुलाच्या केसांत जट येते, अंगावर न हटणारे चट्टे उठतात, ताप वारंवार येतो, स्वप्नात देवी दिसते, किंवा तो पोरींत खेळतो, शेणसडा-रांगोळीत रमतो आणि लग्नाचे नाव काढले की रुसतो. मग घरचे लोक देवऋषीकडे किंवा एखाद्या जुन्या जोगतिणीकडे जातात आणि देवी ‘लागली’ असा निर्वाळा मिळतो. सौंदत्तीला जाऊन जोगळभावीच्या पाण्यात अंघोळ करायची, गळ्यात ‘दर्शन’, म्हणजे देवीच्या नावाची मण्यांची माळ, बांधून घ्यायची आणि परडी हाती धरायची, की तो देवीचा झाला. यातील सामाजिक सोय उघड आहे. मुलाचे बायकी वागणे हा त्याचा हट्ट राहत नाही, आईबापाच्या संस्काराचा दोष ठरत नाही, खानदानाला बट्टा लावत नाही. दोषाचा सगळा भार देवी आपल्या शिरावर घेते. ज्या बापाने मुलाला वेताच्या छडीने ‘पुरुष’ करण्याचा प्रयत्न केला असता, तोच बाप दर्शन बांधल्यानंतर त्याच्या पायाशी नारळ ठेवतो.

या सोयीची किंमतही ठरलेली होती. जोगत्याने लग्न करायचे नसे, त्यामुळे वाटणीच्या वेळी जमिनीतील त्याचा हिस्सा भावांकडे राहणे सोपे जाई. त्याला घरात मान होता, पण तो मंगळवार-शुक्रवारपुरता. उरलेल्या दिवशी तो दारचा मागता होता. त्याच्या प्रेमाविषयी कोणी विचारत नसे. देवीशी लग्न लागलेल्या माणसाचा गावात एखादा ‘जवळचा’ असला तर लोक ते जाणून असत आणि बोलत नसत, मात्र तो जवळचा माणूस स्वतः बायकोमुलांचा धनी असे आणि त्याला जोगत्या म्हणण्याची कोणाची छाती नसे. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ निकोलस ब्रॅडफर्ड यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात यल्लम्माच्या या पंथाची चिकित्सा उष्णता, काम आणि आजार या कल्पनांच्या आधारे केली आहे. देवीचे ‘लागणे’ हा शरीरात उतरलेला ताप आहे आणि सेवा हा त्यावरील उतारा आहे, ही ग्रामीण समज त्यातून नीट कळते. त्याच वेळी जोगत्या म्हणजे समलिंगी पुरुष असे समीकरण मांडणे चुकीचे ठरेल. कोणी नवसाने वाहिलेला, कोणी आजारातून आलेला, कोणी मनाने स्त्री असलेला आणि कोणी पुरुषाच्या ओढीने येथे पोहोचलेला, अशी ती सरमिसळ आहे.

मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीच्या डोंगरावर जे घडते, ते या व्यवस्थेचे सर्वांत जवळून घेतलेले दर्शन म्हणता येईल. सहस्रार्जुनाच्या वैरात जमदग्नी मारला गेला आणि रेणुका विधवा झाली, म्हणून या पौर्णिमेला दक्षिण महाराष्ट्रात ‘रांडाव पुनव’ म्हणतात. त्या दिवशी देवीबरोबर तिच्या जोगतिणी आणि जोगतेही काकणे फोडतात. पुढे माघातील ‘अहेव पुनवे’ला, म्हणजे सवाष्णपणाच्या पौर्णिमेला, ती पुन्हा भरली जातात. एरवी गावात लग्नाचा चुडा हा स्त्रीचा आणि तिच्या नवऱ्याच्या आयुष्याचा प्रश्न असतो. येथे दाढीचे खुंट राखलेला माणूस मनगटावर मनगट आपटून हिरव्या काकणांचा चुरा करतो, आणि शेजारी उभी असलेली बाई त्याच्याकडे कुतूहलाने पाहत नाही, कारण तीही तेच करत असते. या गर्दीत वाजते ते चौंडके : एका बाजूला चामडे मढवलेले, दुसऱ्या बाजूने उघडे असलेले लाकडी नळकांडे, ज्याच्या चामड्यातून ओवलेली तार एका हाताने ताणून दुसऱ्या हाताने छेडली की बोलल्यासारखा, चढउताराचा आवाज निघतो. डोक्यावर ‘जग’, म्हणजे देवीचा मुखवटा व मोरपिसे असलेली पाटी किंवा घागर, हात न लावता तोलून नाचणे हे जोगत्याच्या कसबाचे माप मानले जाते.

स्त्रीवेष हा एकट्या यल्लम्माच्या भक्ताचा नव्हता. मरीआईचा पोतराज कमरेला खणांचे घागऱ्यासारखे वस्त्र गुंडाळतो, केस वाढवतो आणि अंगावर आसूड ओढतो. भवानीचा भुत्या कवड्यांच्या माळा घालतो. वारकरी संतांनी गौळणी आणि विरहिणी रचल्या तेव्हा पुरुषाने स्त्रीच्या तोंडून बोलावे ही गोष्ट सगळ्या महाराष्ट्राने भक्तीचा प्रकार म्हणून स्वीकारली होती. म्हणजे पुरुषाच्या अंगावरचे लुगडे किंवा त्याच्या तोंडचे स्त्रीलिंगी क्रियापद यांनी गाव कधी बिथरले नाही. गाव बिथरत असे ते लग्नाला नकार दिल्यावर, आणि त्या नकारामागे देवाचे नाव नसल्यावर.

मराठा राजवटीतही स्त्रीवेषात वावरणाऱ्या लोकांच्या हक्कांना कागदोपत्री जागा होती. इतिहासकार लॉरेन्स प्रेस्टन यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले, की दख्खनेत हिजड्यांच्या काही गटांकडे जुन्या सत्तेच्या सनदा होत्या, त्यांनुसार त्यांना ठरलेल्या भागात भिक्षा मागण्याचा आणि काही ठिकाणी जमिनीच्या वा रोख नेमणुकीच्या उत्पन्नाचा हक्क होता. १८५२ च्या कायद्याने अधिकार मिळालेले इनाम कमिशन जुन्या सनदा तपासू लागल्याच्या काळात हे हक्क मुंबई सरकारपुढे आले आणि साहेबाच्या सरकारचा कल ते बंद पाडण्याकडे राहिला. पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनांप्रमाणेच हेही एक वतन आहे, ही दख्खनी समजूत त्या अधिकाऱ्यांच्या पचनी पडण्यासारखी नव्हती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा एक भाग हिजड्यांच्या नोंदणीसाठी आणि सार्वजनिक ठिकाणी स्त्रीवेषात वावरण्याच्या बंदीसाठी होता, पण त्याची खरी झळ उत्तर हिंदुस्थानात बसली.

भारतीय दंड संहिता १८६० मध्ये मंजूर होऊन १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली आणि तिच्या ३७७ व्या कलमाने ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संभोगाला जन्मठेपेपर्यंतची शिक्षा सांगितली. हे कलम अनेकदा साऱ्या दुराग्रहाचे मूळ म्हणून दाखवले जाते आणि शहरी चळवळीच्या दृष्टीने ते स्वाभाविकही आहे. परंतु या मुलखातील खेड्याच्या संदर्भात हे मत अर्धेच पटण्यासारखे आहे. गावातल्या अशा गोष्टी फौजदारापर्यंत जाणे कोणालाच परवडणारे नव्हते, कारण फिर्याद म्हणजे दोन्ही घरांची बेअब्रू. कलमाने खेड्यात प्रत्यक्ष शिक्षा देण्यापेक्षा दुसरे काम केले : शिकलेल्या वर्गाला, म्हणजे मास्तर, वकील, डॉक्टर आणि मामलेदार यांना, ही गोष्ट गुन्हा व विकृती आहे असे सांगणारी एक नवी, छापील भाषा दिली. जुन्या गावाला जे थट्टेचे किंवा देवाचे वाटत होते, ते या भाषेत रोगाचे झाले.

त्या छापील भाषेला छापील उत्तर देणारा पहिला मराठी माणूस म्हणजे र. धों. कर्वे. जुलै १९२७ पासून १९५३ मधील आपल्या मृत्यूपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले आणि त्यात वाचकांच्या कामजीवनविषयक प्रश्नांना आडपडदा न ठेवता उत्तरे दिली. समलिंगी संबंध आणि हस्तमैथुन यांसारख्या विषयांवरील अशाच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि १९३४ मध्ये त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. कामविषयक मासिकाने वाचकांच्या प्रश्नांना उत्तर द्यायचे नाही तर काय करायचे, आणि केवळ विषय कामजीवनाचा आहे म्हणून लेखन अश्लील कसे ठरते, असा बचावाचा रोख होता. न्यायालयाने तो मानला नाही आणि कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. ज्या दलित जातींतून यल्लम्माला सर्वाधिक मुले-मुली वाहिल्या जात होत्या, त्यांच्या नेत्याने या विषयावर न्यायालयात उभे राहावे, या योगायोगाची नोंद घेतली पाहिजे, मात्र त्याहून जास्त अर्थ त्यातून काढण्याचे कारण नाही. कर्व्यांचे मासिक सौंदत्तीच्या वाटेवरील माणसाच्या हाती पडणारे नव्हते.

त्याच्यापर्यंत पोहोचत होता तो तमाशा. गण, गवळण, बतावणी, लावणी आणि वग या क्रमाने रंगणाऱ्या या खेळात पवळा हिवरगावकरीण (१८७०–१९३९) हिच्यासारख्या स्त्रिया फडावर उभ्या राहण्यापूर्वी बायकांची कामे ‘नाच्या पोऱ्या’ करत असे, आणि स्त्रिया आल्यानंतरही गवळणीतील मावशी पुरुषाकडेच राहिली. नाच्याकडे पाहण्याची दृष्टी दुहेरी होती : त्याच्या अदांवर फेटे उडत आणि त्याच्याच घरी मुलगी द्यायला कोणी तयार होत नसे. मराठी तमाशापटांनी ही दृष्टी पुढच्या काळात पक्की केली. कोल्हापूरचे गणपत पाटील यांनी पडद्यावर नाच्या इतक्या ताकदीने उभा केला, की प्रेक्षकांनी अभिनेता आणि पात्र यांतील भेद मानणेच सोडले. संसारी गृहस्थ असूनही त्यांना आणि त्यांच्या कुटुंबाला त्याची झळ सोसावी लागली. आनंद यादवांच्या ‘नटरंग’ या कादंबरीतील गुणा हा पैलवानकीचा नाद असलेला शेतमजूर नाच्या होतो आणि गाव त्याची जी दशा करते, ती २०१० च्या चित्रपटामुळे घरोघर पोहोचली. येथे एक फरक स्पष्टपणे सांगितला पाहिजे. जोगत्या देवीच्या नावाने लुगडे नेसतो म्हणून त्याच्या पाया पडतात, नाच्या पोटासाठी नेसतो म्हणून त्याला शीळ घालतात. वस्त्र तेच, माणूसही कदाचित तसाच, पण एकाच्या पाठीशी देवी आहे आणि दुसऱ्याच्या पाठीशी सुपारी.

विसाव्या शतकातील सुधारकांनी यल्लम्माच्या प्रथेवर घाव घातला आणि तो घालायलाच हवा होता, कारण कोवळ्या मुलींना देवाला सोडून पुढे त्यांना शरीरविक्रयाच्या बाजारात लोटणारी ती यंत्रणा होती. राजर्षी शाहूंनी १९२० मध्ये कोल्हापूर संस्थानात अशा प्रथेला पायबंद घालणारा कायदा केला. १९३४ मध्ये मुंबई इलाख्याचा देवदासी संरक्षण कायदा आला. १९७५ च्या सुमारास गडहिंग्लज आणि निपाणी ही देवदासी निर्मूलनाच्या चळवळीची केंद्रे झाली. कर्नाटकाने १९८२ मध्ये आणि महाराष्ट्राने २००५ मध्ये नवे कायदे केले. या साऱ्या कायद्यांचा विषय ‘वाहिलेली स्त्री’ हा आहे. पुनर्वसन, अनुदान, मुलांचे शिक्षण, लग्नासाठी मदत, जे काही द्यायचे ते तिला. तिच्या शेजारी तीच माळ गळ्यात घालून बसलेला जोगत्या या व्याख्येत बसत नव्हता, म्हणून तो शोषित ठरला नाही आणि मदतीचा धनीही झाला नाही. जट कापणाऱ्या कार्यकर्त्यांनी अनेक स्त्रियांना डोक्यावरच्या आणि मनावरच्या ओझ्यातून सोडवले; परंतु एखाद्या जोगत्याची जट कापून त्याला ‘आता तू मोकळा, घरी जा’ म्हटले, तर तो कोणत्या घरी आणि कोण म्हणून जाणार, या प्रश्नाचे उत्तर विवेकवादाकडे तयार नव्हते. सुधारणेच्या इतिहासातील ही खरी उणीव आहे, आणि ती कार्यकर्त्यांपेक्षा गडहिंग्लज परिसरातील एका लेखकाने आधी ओळखली. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांत देवीला वाहिलेली मुलगी आणि देवीला वाहिलेला मुलगा हे दोघेही माणूस म्हणून उभे राहतात. २००९ चा ‘जोगवा’ हा चित्रपट याच लेखनावर आधारलेला आहे. चित्रपटातील जोगत्या मनाने पुरुष आहे आणि स्त्रीवर प्रेम करतो, हेही ध्यानात ठेवावे लागते : लुगड्यातून सुटका करण्यासाठी कथेला स्त्री-पुरुष प्रेमाचाच आधार घ्यावा लागला.

देवीच्या पदराखाली न आलेल्या, म्हणजे बहुसंख्य समलिंगी पुरुषांचे काय झाले, याचे उत्तर सोयरिकीत आहे. शेतकरी घरात लग्न ही दोन माणसांची गोष्ट नसते. त्यात जमीन, भावकी, म्हाताऱ्या आईच्या हाताखाली येणारी सून आणि वंशाचा दिवा असे सगळे गुंतलेले असते, त्यामुळे मुलाला ‘इच्छा आहे का’ असे विचारण्याची रीत नव्हती. विशीतील मुलाने टाळाटाळ केली तर लाजाळू, पंचविशीत केली तर देवऋषी आणि अंगारा, त्यानंतर शरीरात काही कमी आहे अशी कुजबुज. आणि या कुजबुजीवर गावाला माहीत असलेला एकच इलाज म्हणजे लग्न लावून देणे. तालमीत एका घोंगड्यावर झोपणारे, एकमेकांच्या गळ्यात हात टाकून जत्रेत फिरणारे, मळ्यातल्या वस्तीवर रात्री राखणीला जाणारे दोस्त यांच्याकडे गाव कधी वाकड्या नजरेने पाहत नव्हते, आणि या निरागस मानल्या गेलेल्या जवळिकीच्या आडोशाने कित्येक आयुष्ये पार पडली. अट एकच होती, की दोघांनीही वेळेवर बोहल्यावर चढायचे. या तडजोडीचा हिशोब ज्यांच्या नावावर पडला त्या बायका होत्या. नवरा मारत नाही, पीत नाही, मग तुला दुःख कशाचे, असे माहेर विचारी आणि त्यावर सांगण्यासारखे उत्तर त्यांच्याकडेही नसे. गावाच्या ज्या सहिष्णुतेचे आता कौतुक होते, तिचा खर्च कोणी भरला हे पाहिल्याशिवाय ते कौतुक पुरे होत नाही.

सरकारी यंत्रणेने या माणसांची पहिली विचारपूस केली ती एड्सच्या भीतीने. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्याच वर्षी सांगलीत मीना शेषू यांनी ‘संग्राम’ ही संस्था उभी केली, आणि देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांबरोबर चाललेल्या या कामाच्या ओघात पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुषही दिसू लागले. आरोग्य खात्याने त्यांना रोगाच्या दृष्टीने एक वर्गनाम दिले. त्यांच्या स्वतःच्या वर्तुळात ‘कोती’ (बायकी वळणाचा) आणि ‘पंती’ (त्याचा पुरुष जोडीदार) असे शब्द चालत होतेच. निरोधाची पाकिटे वाटणारा कार्यकर्ता हा खेड्यातल्या अनेकांना भेटलेला पहिला माणूस होता, ज्याने ही गोष्ट न हसता ऐकून घेतली. त्यानंतर दिल्लीतून निकाल येत राहिले : २००९ मध्ये उच्च न्यायालयाने ३७७ वे कलम सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्द ठरवले, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा जिवंत केले, २०१४ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींना स्वतंत्र ओळख दिली आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी संमतीचे समलिंगी संबंध कायमचे गुन्ह्याबाहेर काढले. समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास मात्र त्याच न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला. खेड्यातील समलिंगी मुलाची अडचण पहिल्यापासून लग्नाचीच होती, आणि नेमके तेवढेच दार बंद राहिले.

या निकालांचा खेड्यावर झालेला परिणाम मोजायचा तर दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्या लागतात. २०१७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात तरंगफळ गावाने थेट मतदानाने ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीला सरपंच निवडले. जानेवारी २०२१ मध्ये जळगाव जिल्ह्यात भादली बुद्रुक येथे अंजली पाटील ही तृतीयपंथी उमेदवार स्त्रियांच्या जागेवरून ग्रामपंचायतीत गेली, त्यासाठी तिला आधी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडून उमेदवारीचा हक्क मिळवावा लागला. ज्या भूमिकेला देवाचे, परंपरेचे किंवा निदान कागदावरचे नाव आहे, तिला मत द्यायला ग्रामीण मतदार कचरत नाही, असे यातून दिसते. आपण समलिंगी आहोत असे सांगून त्याच गावात नांगर धरणाऱ्या, मिशा राखणाऱ्या गड्याचे पाऊल अजून पंचायतीच्या पायरीपर्यंतही पोहोचलेले नाही.

त्याची गोष्ट पडद्यावर यायलाही २०२५ साल उजाडले. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या चित्रपटात वडिलांच्या मृत्यूनंतर सुतकाचे दहा दिवस पाळण्यासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि गावातच शेती करणारा बाल्या यांचे प्रेम आहे. त्यात कोणी लुगडे नेसत नाही, कोणाच्या अंगात येत नाही, आणि भोवतालचे नातेवाईक प्रश्न विचारतात तो एकच, की लग्न कधी करणार. अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपट विभागातील सर्वोच्च ज्युरी पारितोषिक या चित्रपटाने मिळवले आणि १९ सप्टेंबर २०२५ रोजी तो भारतात प्रदर्शित झाला. त्याच वर्षीच्या मार्गशीर्षात कोल्हापूरचे भाविक नेहमीप्रमाणे एसटीच्या जादा गाड्यांनी सौंदत्तीच्या डोंगराकडे निघाले. त्यांतील जोगत्यांच्या मनगटांवर हिरवी काकणे होती.